सोलापूरची ओळख चादरीपलीकडे कशी मांडावी?

प्रश्न : गिरणीकर

आमच्या पिंपरी-चिंचवडमधील सोलापूरकर मंडळींनी 12 जानेवारीला सोलापूरच्या नावाने एक संध्याकाळ साजरी करायचे ठरवले आहे आणि वीस मिनिटांचे प्रास्ताविक माझ्या गळ्यात पडले आहे. माझे आजोबा आणि वडील दोघेही गिरणीत होते; गिरणी बंद पडल्यावर वडील आम्हाला घेऊन इकडे आले, त्यामुळे भोंग्याचा आवाज मला आठवतो, पण त्यामागचा इतिहास मला सलग सांगता येत नाही. चादर, शेंगाचटणी आणि कडक भाकरी यांवर तीन मिनिटे सहज जातील. उरलेल्या वेळात या शहराने देशाला आणि मराठी संस्कृतीला काय दिले, हे सांगायचे झाल्यास सुरुवात कोठून करावी? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : जुनी पेठ

सुरुवात रेल्वेपासून करावी असे मला वाटते. 1860 मध्ये रेल्वे सोलापुरात पोहोचली, कापसाला आणि सुताला बाजार मिळाला, आणि 1877 मध्ये मोरारजी गोकुळदास यांनी येथे पहिली कापड गिरणी काढली. पुढे लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू या गिरण्या आल्यावर तिलाच लोक ‘जुनी मिल’ म्हणू लागले. भोवतालचा मुलूख कायम अवर्षणाचा असल्यामुळे कोरडवाहू शेती सोडून आलेल्या माणसांची गिरण्यांना कधीच वाण पडली नाही.

याच कामगारवस्त्यांशिवाय 1930 चे सोलापूर समजत नाही. त्या वर्षी 6 एप्रिलला नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकला. मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर शहर पेटले, 8 मे रोजी गोळीबार झाला आणि त्यानंतर काही दिवस ब्रिटिश सत्ता शहरात नावापुरतीही उरली नाही. ती परत बसवण्यासाठी सरकारला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, पुकारावा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. ही चार नावे सलग मोठ्याने वाचा. शहराची घडण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. आपल्या कार्यक्रमाची तारीखही तीच आहे, हे आपण योजून केले की योगायोगाने झाले?

उत्तर : पूर्व भाग

वरील माहिती योग्यच आहे, पण गिरणी म्हणजे सोलापूर हे समीकरण आम्हा हातमागवाल्यांना पुरते पटत नाही. चादर मुख्यतः गिरणीत नव्हे, तर आमच्या पूर्व भागातील घराघरांत आणि छोट्या कारखान्यांत विणली गेली, आणि ती विणणारे बहुतेक तेलंगणातून आलेले पद्मशाली होते. घरात तेलुगू, मागावर तेलुगू-मराठीची सरमिसळ, बाजारात मराठी, शेजारी कन्नड आणि दखनी, अशा चार भाषांत आमचा दिवस जातो. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, त्या दिवशी पूर्व भागात येऊन पाहावे.

व्याख्यानापेक्षा एक खरी चादर सोबत न्यावी आणि ती श्रोत्यांसमोर उलटवून दाखवावी. नक्षी दोन्ही बाजूंना उमटलेली असते, फक्त रंगांची अदलाबदल होते. जेकार्डच्या मागावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते आणि ताण्यातील, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांतील, कोणते धागे वर उचलायचे हे त्या छिद्रांवर ठरते. एक पुठ्ठा मागेपुढे झाला की मोराचा पिसारा तुटलाच म्हणून समजा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरीही भलत्याच गावची चादर आमच्या नावाने रस्त्यावर विकली जाते, हेही दोन वाक्यांत सांगून टाकावे.

उत्तर : सुई-दोरा

आतापर्यंतच्या दोन्ही उत्तरांत बायका कोठे आहेत? गिरण्या बंद पडत गेल्या तेव्हा या शहरातील कितीतरी चुली विडीवर चालल्या. माझी आई सकाळी भिजवलेली पाने ओल्या फडक्यातून काढून पत्र्याच्या मापाने कापत असे, सूप मांडीवर घेऊन हजार विड्यांची मोजदाद संध्याकाळपर्यंत पुरी करत असे, आणि कारखान्यात गेल्यावर जी विडी नापास होई तिचे पैसे मिळत नसत. पुढे याच बायकांनी संघटनेच्या बळावर सोलापूरजवळच्या कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी करून घेतली. 2006 मध्ये त्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापुरात जन्मले आणि चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता 1942 मध्ये वारले, हे आपण सांगालच आणि सांगावेच. मात्र त्यांना पाच मिनिटे देणार असाल तर या दहा हजार घरांनाही तेवढीच द्यावीत.

प्रश्नकर्ता : गिरणीकर

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. ‘जुनी पेठ’ यांना प्रामाणिकपणे सांगतो, तारीख निव्वळ योगायोगाने निघाली होती, आणि ती आता कायम ठेवावी असा माझा आग्रह राहील. अडचण एवढीच आहे की दुसऱ्याच दिवसापासून सोलापुरात गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे, नंदीध्वज निघतात, त्यामुळे निम्मी मंडळी आदल्या रात्रीच गाडीत बसतील. तसे झाल्यास चादर उलटवून दाखवण्याने सुरुवात करून चार हुतात्म्यांच्या नावांपर्यंत बारा मिनिटांत पोहोचेन आणि उरलेली आठ विडी कामगार बायकांना देईन. आईच्या काळचे पाने कापायचे ते पत्र्याचे माप ‘सुई-दोरा’ यांच्याकडे अजून असेल, तर एका संध्याकाळपुरते मिळू शकेल काय?