अनुभव धागा: अपघात संपला, अंगातून गेला नाही

अपघाताला दोन वर्षं झाली. पाय बरा झाला, गाडीही नवी आली. पण मागून कोणी करकचून ब्रेक दाबला की अजून माझे हात गार पडतात आणि पुढची पाच मिनिटं मी 'तिथे' असते. नुसतं आठवत नाही, मी तिथे असते. हा फरक घरच्यांना सांगता सांगता दमले. डॉक्टरांनी पीटीएसडी म्हणून सांगितलं, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार. सुरुवातीचे काही आठवडे बहुतेकांना त्रास होतो आणि तो ओसरतो. महिना उलटून गेला तरी वाईट स्वप्नं, टाळाटाळ, सुन्नपणा, सतत कान टवकारलेले, आणि रोजची कामं अडायला लागली, तर दाखवून घ्यायचं.

तुमचे अनुभव लिहा. प्रसंगाचं वर्णन नको, वाचणाऱ्यांनाही त्रास होतो. नंतर काय झालं आणि कशाने बरं वाटलं, ते लिहा.

*

माझा नवरा अग्निशमन दलात होता. कुठेही गेलो तरी दाराकडे तोंड करूनच बसायचा. मला वाटायचं, असते एकेकाची सवय. झोपेतून उठवायला खांद्याला हात लावला की हात उगारायचा आणि मग स्वतःच रडायचा. आता मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून नावाने हाक मारते. एवढीशी गोष्ट सुचायला आम्हाला चार वर्षं लागली! पहिल्या महायुद्धात याला 'शेल शॉक' म्हणायचे आणि कित्येक सैनिकांना भेकड ठरवायचे. पीटीएसडी हे नाव अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या यादीत आलं ते थेट १९८० साली. हे वाचून दाखवलं तर म्हणाला, "पणजोबांच्या काळात असतो तर मी भित्राच ठरलो असतो."

*

मी अकरा दिवस आयसीयूत होतो. आता मायक्रोवेव्ह वाजला तरी घाम फुटतो. जीव वाचला, मग आघात कसला, असं वाटून वर्षभर कोणाला बोललोच नाही. झोपेसाठी दारू सुरू केली, ते सगळ्यात वाईट. जीव नकोसा वाटायला लागला तेव्हा बहिणीने त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. तिने एकही प्रश्न विचारला नाही. नुसती शेजारी बसून होती.

*

मी ईएमडीआर घेतलं, म्हणजे आघातावरचा एक मानसोपचार. थेरपिस्टचं बोट डावीउजवीकडे फिरतं, आपण नजरेने त्याच्या मागे जायचं आणि तो प्रसंग मनात धरून ठेवायचा. पहिल्या दिवशी मला हसूच आलं. डोळे फिरवण्याचा त्यात नेमका किती वाटा, यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही, पण उपचाराचा उपयोग होतो हे अभ्यासांत दिसलंय. तिसऱ्या बैठकीनंतर चार दिवस मी जास्तच बिघडले होते, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. नवव्या बैठकीच्या सुमारास जाणवलं, चित्र तेच आहे पण आवाज बारीक झालाय.

त्याआधीच्या समुपदेशकाने पहिल्याच भेटीत सगळं सविस्तर सांगायला लावलं. मी पुन्हा गेले नाही आणि दीड वर्ष दुसरीकडेही फिरकले नाही. म्हणून फोनवरच विचारा: आघातावरच्या सीबीटीचं (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा मानसोपचार) किंवा ईएमडीआरचं प्रशिक्षण घेतलंय का? विचारायला लाजू नका.

*

धागाकर्ती: पायथ्याशी उभं राहून हाक मारायची युक्ती आजच आईला सांगितली. म्हणाली, "मग मी तोंडावर पाणी मारत होते, ते चुकलंच का गं?"

हो आई.