‘कन्सिस्टन्सी मेकॅनिझम’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : युरोपीय संघाच्या जीडीपीआर या विदा (डेटा) संरक्षण विनियमाचा अनुवाद करताना सातव्या प्रकरणातील ‘कन्सिस्टन्सी मेकॅनिझम’पाशी अडलो आहे. ‘एकरूपता यंत्रणा’ चालेल का, की ‘एकवाक्यता’ बरी?

उत्तर : ‘एकरूपता’ मला येथे खटकते. कायद्याच्या मजकुरात एकरूपता आणण्याचे काम विनियमाने आधीच केले आहे, कारण १९९५ च्या निर्देशानुसार प्रत्येक देशाने आपापला कायदा केला होता, तर २५ मे २०१८ पासून लागू झालेला विनियम सर्व सदस्य देशांना थेट बांधतो. सातव्या प्रकरणातला पेच निराळा आहे : एकाच कलमाचा अर्थ आयर्लंडचे विदा संरक्षण प्राधिकरण (कायद्याच्या पालनावर देखरेख ठेवणारी संस्था) एक लावते आणि फ्रान्सचे दुसरा, तेव्हा काय करायचे? प्राधिकरणे स्वतंत्रच राहतात. त्यांचे निर्णय परस्परांना छेद देणारे नसावेत, एवढेच अपेक्षित आहे. त्यासाठी ‘सुसंगती’ पुरेसा आणि नेमका शब्द आहे.

‘एकवाक्यता’ मीमांसकांच्या अर्थाने, म्हणजे अनेक वाक्यांचे मिळून एकच तात्पर्य काढणे या अर्थाने, मोह पाडणारा शब्द आहे खरा. पण ‘तज्ज्ञांत एकवाक्यता नाही’ असे आज आपण लिहितो तेव्हा एकमत अभिप्रेत असते, आणि कलम ६५ तर मतभेद गृहीत धरूनच लिहिलेले आहे. वाद सर्व सदस्य देशांच्या प्राधिकरणांच्या युरोपीय विदा संरक्षण मंडळापुढे गेला की निर्णय दोन-तृतीयांश बहुमताने होतो, मुदतीत तेही न जमल्यास साध्या बहुमताने, आणि मते समसमान पडल्यास अध्यक्षांच्या मताने. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रकरणात आयर्लंडच्या प्राधिकरणाने निर्णयाच्या मसुद्यात तीन ते पाच कोटी युरो दंड सुचवला होता. इतर देशांच्या प्राधिकरणांनी आक्षेप घेतले, मंडळाने बंधनकारक निर्णय देऊन दंडाचा फेरविचार करायला लावला, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये आयर्लंडनेच साडेबावीस कोटींचा दंड जाहीर केला. याला एकमत म्हणणे धाडसाचे ठरेल.

पुरवणी : ‘सुसंगती’ मान्य, मात्र ‘यंत्रणा’ टाळावी. ‘तपास यंत्रणा’, ‘सरकारी यंत्रणा’ वाचण्याची सवय असलेल्या वाचकाला ते एखादे कार्यालयच वाटेल. येथे मत मागवणे, वाद सोडवणे आणि तातडीचे उपाय योजणे यांची ठरवून दिलेली रीत आहे, म्हणून ‘सुसंगती कार्यपद्धती’. वाक्यात : ‘मंडळाने सुसंगती कार्यपद्धतीनुसार मत दिले.’