कारच्या बक्षिसाची स्पर्धा, घरी बनवलेली गिटार आणि हातात अडीच महिने

रापणकर (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. एका कार कंपनीने ‘स्वतःच्या हाताने बनवलेली वस्तू’ या विषयावर स्पर्धा जाहीर केली आहे. पहिलं बक्षीस पेट्रोल कार, शोरूम किंमत साधारण ९ लाख. प्रवेशिकेत ९० सेकंदांचा व्हिडिओ, पाच फोटो आणि शंभर शब्दांचं टिपण द्यायचं. निवडक स्पर्धकांना वस्तू घेऊन मुंबईत परीक्षकांसमोर जायचं आहे. शेवटची तारीख ३० सप्टेंबर, आज जुलैचा मध्य.

सॉलिड बॉडी (आतून पोकळ नसलेली) इलेक्ट्रिक गिटार द्यायचा विचार आहे. जुन्या घराची ७५ मिमी जाडीची सागवानी तुळई आहे, फिंगरबोर्डसाठी (जिथे बोटांनी तारा दाबतात ती पट्टी) शिसवाची पट्टी आहे. राउटर, हँड ड्रिल, रंधा, पटाश्या आणि क्लॅम्प आहेत. आजवर नेक (गिटारची मान) तयार आणून बॉडी बनवली आहे, या वेळी नेकही करायचा आहे. प्रश्न असे: भर पावसात हे जमेल का? तयार नेक लावला तर चालेल का? फिनिश एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरचं करू का? आणि जिंकल्यास गाडी घरी आणायला खिशातून किती जातील?

खुंटीवाला

लाकडाला करवत लावण्याआधी नियमावली शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ‘स्वतः बनवलेली’ याची व्याख्या दिली असेल तर ती पाळा. दिली नसेल तर आयोजकांना ईमेल करा: तयार नेक चालेल का, सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर) कापलेली बॉडी चालेल का, पिकअप (तारांचा आवाज पकडणारी कॉइल) आणि सूर लावायच्या खुंट्या विकतच्या चालतील ना. उत्तर लेखीच घ्या. हेल्पलाइनवरच्या तोंडी होकाराचा नंतर काही उपयोग नसतो. खुंट्या, ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग), फ्रेटची (फिंगरबोर्डवरच्या आडव्या पट्ट्यांची) तार कोणीच घरी बनवत नाही, त्याला सहसा हरकत नसते. नेकवर मात्र हरकत येऊ शकते, कारण गिटारमधलं निम्मं कसब त्यातच आहे.

हेडस्टॉकचा (नेकच्या टोकाला खुंट्या बसतात त्या भागाचा) आकार स्वतःचा काढा. फेंडर या गिटार कंपनीच्या हेडस्टॉकचे आकार नोंदणीकृत ट्रेडमार्क आहेत. त्यांच्या बॉडीचे आकार अमेरिकेत २००९ साली सर्वसामान्य ठरले, म्हणजे त्यांना ट्रेडमार्क नाकारला गेला, त्यामुळे लोक दोन्ही बाबतींत सूट आहे असं धरून चालतात, ते चूक आहे. दुसऱ्याचा लोगो तर अजिबात चिकटवू नका. कार कंपनीचा विधी विभाग अशी प्रवेशिका पहिल्याच चाळणीत बाजूला काढेल.

व्हिडिओत सिनेमातलं गाणं वाजवू नका, मागे लावूही नका. स्वतः रचलेली चार ओळींची धून पुरे. आणि पहिल्या दिवसापासून मूळ क्लिप तारखेसकट जपून ठेवा. काम तुम्हीच केलंय का, असा प्रश्न आला तर तोच पुरावा.

इतर वाचकांसाठी: तामिळनाडूत राहणाऱ्या मराठी मंडळींनी पात्रतेचा परिच्छेद आधी बघावा. तिथे १९७९ च्या बक्षीस योजना प्रतिबंधक कायद्यामुळे बरेच आयोजक त्या राज्यातल्या रहिवाशांना वगळतात. कंपनीचे, डीलरचे आणि जाहिरात संस्थेचे कर्मचारी व त्यांचे नातेवाईकही बहुधा बाद असतात.

शिसव

पावसात जमेल, पण लाकूड सुकवायला पहिले तीन आठवडे द्यावेच लागतील. तुळई कितीही जुनी असो, लाकूड भोवतालच्या हवेशी जुळवून घेतं. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास राहिली की लाकडातलं पाणी १७-१८ टक्क्यांवर जातं. ५० टक्के आर्द्रतेत तेच ९ टक्क्यांपर्यंत उतरतं. १७ टक्क्यांवर बनवलेला नेक मुंबईच्या एसी हॉलमध्ये नेला की फिंगरबोर्ड आक्रसतो, फ्रेटची टोकं कडेला बाहेर येतात आणि परीक्षकाचा हात नेकवरून फिरताच बोटाला टोचतात.

तुळईवर आधी जोरदार चुंबक फिरवा, खिळे सगळे काढा. एक जरी आत राहिला तर राउटरचं पातं जातं आणि तुकडा उडतो तो वेगळाच. मग कच्चे तुकडे कापा: नेकसाठी २५ मिमीच्या पट्ट्या, बॉडीसाठी ५० मिमीचे दोन भाग. एका छोट्या खोलीत डीह्युमिडिफायर लावून आर्द्रता ४५ ते ५० टक्के ठेवा आणि तुकडे पट्ट्यांवर उचलून रचा, म्हणजे हवा चारही बाजूंनी लागेल. दर दोन दिवसांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. चार-पाच दिवस वजन हललं नाही की त्या खोलीपुरतं लाकूड सुकलं. नेकच्या पट्ट्या १० टक्क्यांपर्यंत आल्याच पाहिजेत. बॉडी १२ वर असली तरी चालतं.

नेक एकसंध नको, तीन पट्ट्यांचा करा. कडेच्या दोन पट्ट्यांच्या रेषा एकमेकींच्या उलट दिशेने ठेवा, म्हणजे पीळ पडायची शक्यता कमी होते. ताठरपणात सागवान मेपलच्या जवळपास आहे, त्यामुळे साहित्य बरोबर निवडलंत. पण सागवान तेलकट असतं. जोडायच्या पृष्ठावर ताजा रंधा मारा, ॲसिटोनने पुसा आणि पंधरा मिनिटांत पिवळा वुड ग्लू लावून क्लॅम्प करा. पावसात क्लॅम्प पूर्ण २४ तास ठेवा. सागवानात सिलिका असते, पाती लवकर बोथट होतात, म्हणून कार्बाइडचीच वापरा.

मापं: स्केल (नटपासून ब्रिजपर्यंतची तारेची लांबी; नट म्हणजे हेडस्टॉककडची तारा टेकायची पट्टी) ६४८ मिमी. पहिला फ्रेट नटपासून ३६.४, पाचवा १६२.५, सातवा २१५.५, बारावा ३२४.० मिमी. प्रत्येक खूण नटपासूनच मोजा. मागच्या फ्रेटपासून पुढचा मोजत गेलात की प्रत्येक वेळची थोडी चूक साठत जाते आणि बाराव्यापर्यंत गिटार बेसूर होते. ट्रस रॉडची (नेकचा वाक जुळवायला आत बसवतात त्या सळईची) खाच रॉड हातात घेऊन मोजून मगच पाडा. दुहेरी रॉडला साधारण ६ मिमी रुंद आणि १० मिमी खोल लागते. नेकला मागून गोलाई दिल्यावर खाचेखाली किमान ३ मिमी लाकूड उरलं पाहिजे, हे कागदावर आडवा छेद काढून आधी तपासा. सर्वांत जास्त नेक इथेच वाया जातात.

फिंगरबोर्ड चिकटवल्यावर दोन दिवस हात लावू नका. ग्लूमधलं पाणी शिसवाची एकच बाजू फुगवतं आणि नेक मागे वाकतो. ते पाणी निघून गेल्यावर पृष्ठ सरळ करा आणि मगच फ्रेट ठोका.

रापणकर

@शिसव, लाकडातल्या ओलाव्याचा मीटर लावून पाहिला, तुळईच्या ताज्या कापावर १६ टक्के दाखवतोय. डीह्युमिडिफायरची सोय होईल. नेकचा खाचा बॉडीत किती खोल घेऊ? आणि ब्रिजची जागा आधी ठरवू की नेक बसवल्यावर?

शिसव

खाचा १६ मिमी खोल, बॉडी ४४ मिमी जाड. रुंदी नेकच्या टाचेवरून (बॉडीत बसणाऱ्या टोकावरून) घ्या, पुस्तकातल्या ५६ मिमीवरून नको. नेक हाताने दाबून बसला पाहिजे आणि बॉडी उचलली तरी सुटता कामा नये. बॉडीत ४.५ मिमीची भोकं, म्हणजे स्क्रू त्यात सैल राहतो. नेकमध्ये ३.२ मिमीचं पायलट भोक पाडा आणि स्क्रूला मेण लावा. सागवानात कोरडा स्क्रू पिळला की त्याचं डोकं तुटतं आणि दांडा आत राहतो.

ब्रिज नेक बसवल्यानंतरच. बाहेरच्या दोन तारांच्या जागी दोरा ताणून बघा, तो नेकच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर गेला पाहिजे. बारीक ई तारेचं सॅडल (ब्रिजवरचा पुढेमागे सरकणारा टेकू) जवळजवळ पूर्ण पुढे आणा, ते नटपासून ६४८ वर येईल असा ब्रिज ठेवा. जाड तारांना मागे सरकायला जागा लागते.

पॉलिशपेपर

एनसी लॅकर या मुदतीत नको. दमट हवेत थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठ गार पडतं आणि हवेतली वाफ त्यावर बसून पांढुरकी झाक येते. रिटार्डर घालून ती कमी करता येते, पण एनसी नीट कडक व्हायला तीन-चार आठवडे लागतात. त्याआधी बफ केलंत तर पुढे फिनिश खाली बसून लाकडाची रंध्रं वर दिसू लागतात. घरी टू-के पीयू (हार्डनर मिसळून वापरायचं पॉलियुरेथेन) फवारणंही टाळा. त्याच्या हार्डनरची ओलाव्याशी प्रक्रिया होऊन बारीक बुडबुडे राहतात, शिवाय वाफ फुफ्फुसांना घातक आहे. साधा मास्क तिथे काहीच करत नाही.

कापडाने लावायचं पीयू वापरा. नुसतं पीयू सागवानावर आठवडाभर चिकट राहू शकतं, कारण लाकडातलं तेल त्याला वाळू देत नाही. म्हणून आधी मेण काढलेल्या लाखेचा हात द्या: १ लिटर स्पिरिटला २०० ग्रॅम, दोन पातळ हात. मेणाची लाख घेतलीत तर वरचं पीयू सुटून येईल, दुकानात हे विचारूनच घ्या. त्यावर पीयूचे पाच-सहा पातळ हात, मध्ये २४ तास, प्रत्येक दुसऱ्या हातानंतर ४०० नंबरचा पेपर हलकेच. हे सगळं त्याच कोरड्या खोलीत. बॉडीवरच्या राउटरच्या जळक्या खुणा १२० नंबरलाच पूर्ण काढा. फिनिश चढल्यावर त्या जास्त उठून दिसतात आणि क्लोजअप फोटोत नजर तिथेच जाते.

शिसवाच्या फिंगरबोर्डला फिनिश देऊ नका, शेवटी तेलाचा एक पुसट हात पुरे.

हिशेबनीस

आता गाडीचं. बक्षिसावर सपाट ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२. तुमचं इतर उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असलं तरी हाच दर. मूळ सवलत नाही, गुंतवणुकीवरच्या वजावटी (जुन्या कायद्यातल्या ८०सी वगैरे) नाहीत, गिटारला लागलेला खर्चही वजा होत नाही. १९६१ च्या कायद्यात दराचं कलम ११५बीबी आणि कर कापण्याचं १९४बी होतं, २०२५ च्या नव्या कायद्यात क्रमांक बदलले आहेत.

बक्षीस वस्तूरूपात असेल तर कर भरल्याची खात्री झाल्याशिवाय आयोजकाला ते तुमच्या ताब्यात देता येत नाही. रहिवाशाचा टीडीएस उपकर न धरता कापतात. ९ लाखांवर २,७०,००० किल्ली मिळण्याआधी आणि उपकराचे १०,८०० विवरणपत्र भरताना. एकूण उत्पन्न ५० लाखांवर गेलं तर अधिभार वेगळा.

गाडी थेट तुमच्या नावावर नोंदवून घ्या. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर ११ टक्के एकरकमी कर, म्हणजे ९९,०००. कंपनीच्या नावावर दर बराच जास्त आहे. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तो आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा धरा. नियमावलीत ‘एक्स-शोरूम’ लिहिलं असेल तर नोंदणी आणि विमा तुमच्याच माथी. चार लाखांच्या पुढेमागे तजवीज ठेवा.

गिरमिट

पण बऱ्याच स्पर्धांत कर कंपनीच भरते ना?

हिशेबनीस

@गिरमिट, काही भरतात, पण तेव्हा भरलेला करही विजेत्याचं उत्पन्न धरला जातो. ९ लाखांच्या गाडीचं बक्षीस मग १२,८५,७१४ रुपयांचं होतं, त्याच्या ३० टक्के म्हणजे ३,८५,७१४ कंपनी भरते आणि विजेत्याला उपकराचे १५,४२९ तेवढे उरतात. नियमावलीत ‘कर विजेत्याने भरावा’ की ‘आयोजक भरेल’, हे एकच वाक्य सुमारे २ लाख ६५ हजारांचं आहे.

कराचे पैसे भरायची वेळ आलीच तर कंपनीच्या नावाच्या बँक खात्यातच भरा. आधी टॅन क्रमांक (कर कापणाऱ्याचा नोंदणी क्रमांक) मागून घ्या, नंतर चलन आणि टीडीएस प्रमाणपत्र घ्या, रक्कम आयकर खात्याच्या नोंदीत तुमच्या नावावर दिसली पाहिजे. ‘तुम्ही कार जिंकलात, टॅक्स या यूपीआयवर पाठवा’ असा फोन आला तर तो फसवणुकीचाच, मग तुम्ही खरोखर स्पर्धेत असा वा नसा. अशा टोळ्या स्पर्धांच्या पानांवरच्या कॉमेंटमधून नावं उचलतात.

सूरजुळणी

हॉलबद्दल कोणी विस्ताराने बोललं नाही म्हणून लिहितो. स्टेजवरच्या दिव्यांच्या डिमरमुळे सिंगल कॉइल पिकअप जोरात गुणगुणतो. परीक्षक लाकूड बघण्याआधी तो आवाज ऐकतील. हंबकर (गुणगुण दाबणारा दोन कॉइलचा पिकअप) लावा, ५०० के चे पॉट (आवाज-टोनच्या बटणांखालचे रोधक), ०.०२२ मायक्रोफॅरड कपॅसिटर. खाचांना आतून तांब्याची टेप लावा, प्रत्येक जोडावर सोल्डरचा डाग द्या आणि मल्टिमीटरने तपासा, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत १ ओहमच्या आत यायला हवं. ब्रिजखालून ग्राउंडची तार विसरू नका. ती राहिली की तारांना हात लावला तरी गुणगुण कमी होत नाही.

सेटअप: १०-४६ च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) तारा लावून सुरात आणा, एक रात्र तशीच ठेवा. हा संच नेकवर ४५ किलोच्या वर ताण देतो, लाकूड त्याला सरावू द्या. सातव्या फ्रेटवर नेकचा ०.२ मिमी वाक, बाराव्यावर बारीक तारेखाली १.६ आणि जाड तारेखाली २ मिमी जागा (हीच ॲक्शन). कुठे खरखर आली तर लगेच ॲक्शन उंचावू नका, उंच राहिलेला फ्रेट तीन फ्रेटवर टेकणाऱ्या छोट्या सरळपट्टीने शोधा. पट्टी डुगडुगली की मधला फ्रेट उंच आहे. तो नीट बसलाय का बघा, बसला असेल तरच कानस लावा.

व्हिडिओत वाजवतानाचा आवाज फोनच्या माइकवर घेऊ नका, ऑडिओ इंटरफेसमधून थेट घ्या आणि चित्राशी जुळवा. ९० सेकंदांतले शेवटचे २५ तरी वाजवण्याला द्या. फ्रेटच्या खाचा पाडताना आणि नेक बॉडीत बसताना जवळून घेतलेली दृश्यं ठेवा, सँडिंग दोन सेकंदांत उरका, ते सगळीकडे सारखंच दिसतं.

मुंबईला निघताना ट्रस रॉडची चावी, सॅडलची ॲलन की, तारांचा जादा संच आणि बारीक कानस पिशवीत असू द्या. हॉलमध्ये किमान दोन तास आधी पोचा. केस बंद ठेवूनच अर्धा तास जाऊ द्या, मग उघडा, सूर लावा, नेकचा वाक पुन्हा मोजा. एसीत तो सरळ झालेला असेल तर रॉड पाव वळसा सैल करा आणि परत मोजा.

रापणकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आयोजकांना तयार नेकबद्दल आणि कर कोण भरणार याबद्दल आजच ईमेल करतो, उत्तर आलं की इथे टाकतो. नेक घरीच होणार, तीन पट्ट्यांचा. @पॉलिशपेपर, मेण काढलेली लाख इथे मिळाली नाही तर साधी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून मेण खाली बसू दिलं आणि वरचं निवळ घेतलं तर चालेल का?

पॉलिशपेपर

चालेल. बरणी चार-पाच दिवस हलवू नका, वरचं स्वच्छ द्रावण नळीने ओढून घ्या आणि आधी सागवानाच्या उरलेल्या तुकड्यावर लाख, पीयू असे दोन्ही हात देऊन बघा. दोन दिवसांनी त्यावर चिकटपट्टी दाबून ओढा. पट्टीबरोबर फिनिश आलं नाही तर तीच लाख बॉडीला लावा.