लिथियम चालू असताना निर्जळी उपवास आणि जागरण: भावाला कसं सांगू?

मोठी_ताई: माझ्या पाठच्या भावाला बायपोलर (मन कधी अतिउत्साहात, कधी खोल उदासीत जाण्याचा आजार) आहे. ३ वर्षं त्यावरची लिथियमची गोळी चालू आहे, त्यातली शेवटची २ बरी गेली. तो मनापासून श्रद्धाळू आहे. पुढच्या आठवड्यात त्याला निर्जळी उपवास आणि रात्रभर जागरण करायचंय. मी नको म्हटलं, तर म्हणाला, "ताई, तुला माझी भक्तीसुद्धा आजारच वाटते." तेव्हापासून तुटक बोलतो. आई म्हणते, देवाचं करताना कुणाचं वाईट होत नाही. खरं सांगायचं तर भक्ती कुठली नि आजार कुठला, हे मलाच कळेनासं झालंय.

स्पष्टवक्ता: कसली भक्ती! सगळं बंद करा, गोळ्या द्या.

औषधवाला: भक्तीचं राहू द्या, आधी पाण्याचं बघा. शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम बाहेर टाकायचं सोडून धरून ठेवतं. गोळी तेवढीच, पण रक्तातली पातळी चढते. ती साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर हवी, १.५ च्या वर विषबाधेचा धोका. हात जास्त थरथरणं, उलट्या-जुलाब, झोक जाणं, जीभ जड होणं यातलं काही दिसलं तर लगेच दवाखाना. आणि उपवास आहे म्हणून गोळी परस्पर बंद करू नका.

अकरावं_वर्ष: स्पष्टवक्ता, असं बोलणाऱ्यांमुळेच मी पहिली २ वर्षं गोळ्या लपवून फेकल्या.

ताई, मी स्वतः बायपोलरचा पेशंट, आणि रोज जप करणारा. माझा अतिउत्साहाचा दुसरा झटका जागरणातूनच आला. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही आणि चौथ्या दिवशी थकवाही नाही. मला वाटलं, कृपा झाली. दोघं-तिघं तर माझ्या पाया पडून गेले (ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो). जप तर मी आजही तासभर करतो, त्यामुळे तास मोजू नका, झोप मोजा. झोपेविना तरतरी आली, की माझी बायको डॉक्टरांना फोन करते. दुसरी खूण माझ्यापुरती: एरवी जपात कुणी चुकलं तर मी हसतो, तेव्हा अंगावर धावून गेलो होतो.

उपवासाचं मी डॉक्टरांचं ऐकलं नसतं. आमच्या गुरुजींनी सांगितलं, आजाऱ्याला सूट असते, गोळीने व्रत मोडत नाही, तेव्हा ऐकलं. तो ज्यांना मानतो, त्यांना त्यालाच विचारू द्या. जागरणाऐवजी मी पहाटे बसतो, रात्रभर झोपून.

मोठी_ताई: काल बोलले. म्हटलं, तुझ्या भक्तीबद्दल नाही, पाण्याबद्दल बोलतेय. बराच वेळ गप्प होता. मग डॉक्टरांना स्वतःच फोन लावला. पाणी पिणार आहे. जागरणावर अजून अडलंय; म्हणतो, बारापर्यंत तरी बसू दे.