खाणवाला म्हणजे सरकारी जावई? हे घ्या उत्तर

वणीकर: काल इथं एका महाशयांनी लिहिलं की कोळसा खाणीतला कामगार म्हणजे सरकारी जावई, लाखाच्या घरात पगार, क्वार्टर, दवाखाना, अन् मरतो तो कापूसवाला शेतकरी. वाचलं अन् झोपच उडाली. माह्या बाबांनी तीस वर्षं अंडरग्राउंड काढली. लोडर होते. सुरुंगाचा शॉट झाला की पडलेला कोळसा टोपल्यानं टबात, म्हणजे रुळावरच्या डब्यात भरायचा, जितके टब तितके पैसे. रात्रपाळीहून आले की साबण घासून घासून आंघोळ करायचे तरी पापणीच्या कडेला काळं राहायचंच, मला लहानपणी वाटे बाबा काजळ घालतात. आईनं त्यांचे कपडे आमच्या कपड्यांत कधी भिजवले नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारभर आम्ही दुसऱ्यांच्या ओट्यावर, कारण बाबा झोपलेत. लाखाचा पगार सांगता तो 2023 च्या वेतन करारानंतरचा, तोही पर्मनंटचा.

विदर्भ_एक्स्प्रेस: मीच तो महाशय. बाबांबद्दल आदर आहे, पण ते दिवस गेले. आज घुग्गुस, सास्ती सगळीकडं ओपनकास्ट, म्हणजे वरून खोदलेली उघडी खाण, डंपर अन् एसी केबिन. त्या करारात 19 टक्के वाढ झाली, माझ्या मामाच्या कापसाला कोणी दिली का 19 टक्के? बापाच्या काजळावर पोरांनी किती दिवस खायचं?

वणीकर: तोंड सांभाळून.

राजुऱ्याची: एसी केबिन म्हणे! वरची माती काढणारे डंपर बहुतेक ठेकेदाराचे असतात भाऊ. माझा नवरा चालवतो. बारा तास. पगार खात्यात पूर्ण येतो, कागद एकदम स्वच्छ, मग दोन दिवसांनी सुपरवायझर घरी येतो अन् त्यातले काही रोख परत घेऊन जातो. चहा पण पितो वरून.

विदर्भ_एक्स्प्रेस: मग तक्रार करा ना.

राजुऱ्याची: हाव, अन् दुसऱ्या दिवशी गेटपास तुम्ही काढून द्याल?

एमएच34: कामगार कामगार काय लावलं, खाणीत ज्याची जमीन गेली त्याचं बोला. दोन एकराला एक नोकरी, असा नियम. आमची पावणेदोन! मग चुलत्याच्या पाऊण एकरासोबत क्लब केली, म्हणजे एकत्र धरली. नोकरीला नॉमिनी कोण, तर चुलत्याचं पोट्टं, कारण माझं वय बसत नव्हतं म्हणे. मला महिन्याला पाच हजार द्यायचं स्टॅम्पपेपरवर ठरलं. दोन वर्षं दिले, त्याचं लग्न झालं अन् बंद. नोकरीवाला नवरा म्हणून पोरगी मिळाली त्याला, ती पण आमच्याच वावरावर.

वणीकर: अरे विषय काय, चाललं काय.

राजुऱ्याची: थांबा, मला हेच विचारायचंय. सातबाऱ्यावर आत्याचं नाव नव्हतं का?

एमएच34: होतं. तिनं हक्कसोड करून दिलं.

राजुऱ्याची: किती साड्यांत?

एमएच34: ताई, घरातल्या गोष्टी आहेत. तिनं काही मागितलंच नाही.

राजुऱ्याची: मागितलं असतं तर माहेर राहिलं असतं का तिला? चुलतभावानं पाच हजार बुडवले म्हणून इथं रडता, अन् बापाच्या बहिणीचा वाटा गिळला तो कोणत्या स्टॅम्पपेपरवर? मी पण सही करून आलीये माहेरी, म्हणून विचारते. त्या दिवशी पुरणपोळी केली होती आईनं.

विदर्भ_एक्स्प्रेस: यावर मात्र ताईंशी सहमत. बघा, झालो मी पण सहमत, घ्या स्क्रीनशॉट.

वणीकर: तुमची सहमती फ्रेम करून लावतो. अन् पेन्शनचं पण ऐकून घ्या, 1998 च्या योजनेत महागाई भत्ता जोडलेलाच नाही, रिटायर होताना जो आकडा बसला तोच घेऊन म्हातारं व्हायचं. बाबांचे श्वासाचे पंप अन् गॅस सिलेंडर झाले की पेन्शन संपली. या जावयाला आता सासऱ्यानं ओळखणं सोडलंय.

विदर्भ_एक्स्प्रेस: बरं, पेन्शनचं माहीत नव्हतं. 'सरकारी जावई' मागे घेतो. पगाराचं नाही घेत.

एमएच34: आत्या वरोऱ्याला असते. दिवाळीत जातो भेटायला.

राजुऱ्याची: रिकाम्या हातानं?

एमएच34: आता तुमचं ऐकल्यावर जाऊ की नको तेच समजून नाही राहिलं.