कोल्हापूरला समुद्र नाही, पण कंटेनर आहेत

रंकाळा_कट्टा: काल इथं एकानं ठोकून दिलं, 'बिनमाणसाच्या स्फोटक बोटी ही रशिया-युक्रेनची भानगड, आपल्या बंदरांना काय फरक पडतोय?' वाचून डोकंच फिरलं. 12 जून 2024 ला तांबड्या समुद्रात 'ट्यूटर' या मालवाहू जहाजावर हुथींची, म्हणजे येमेनमधल्या बंडखोरांची, असली बोट आदळली. एक खलाशी गेला, काही दिवसांत जहाजही बुडालं. बोटीत दोन पुतळे बसवलेले, लांबून बघणाऱ्याला मच्छीमार वाटावेत म्हणून! आपल्या किनाऱ्यावर मच्छीमार बोटी थोड्या आहेत का? त्यातली ही ओळखायची कशी?

शिरोली_फाउंड्री: तो 'एकजण' मीच. 93 ला रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला आरडीएक्स उतरवलं ते माणसांनी. 2008 ला 'कुबेर' या पळवलेल्या मच्छीमार बोटीवरून मुंबईवर हल्ला करायला आली ती पण माणसंच. आधी त्यांचा बंदोबस्त करा, मग रिमोटच्या बोटींचं बघू. हुथींनीसुद्धा बहुतेक जहाजांवर मिसाइल आणि हवेतले ड्रोनच सोडले. आमच्या कास्टिंगचा कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून युरोपला गेला तो त्यामुळं. तरी समुद्रातलं सोडा, कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे झाली असती तर न्हावाशेव्यापर्यंत ट्रेलर हाकत बसावं लागलं नसतं.

बावडा_घाट: आता कसं बोललात! सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना मंजूर झालेली लाईन, अजून नुसती कागदावर. इकडं करूळ घाटात दरड आली की आम्ही अडकलोच.

शिरोली_फाउंड्री: निवडणूक आली की सर्व्हे निघतोय बघा.

बावडा_घाट: आणि मतं मागायला तेच येतात. तुम्ही पण त्यांनाच देता.

शिरोली_फाउंड्री: मी कुणाला देतो ते तुम्हाला कुणी सांगितलं?

रंकाळा_कट्टा: अरे, धागा कुठला, बोलताय काय! माझा भाचा जहाजावर आहे. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बाब-एल-मंदेबच्या सामुद्रधुनीतून जाताना डेकवरचे दिवे बंद, ब्रिजवर दुर्बिणी घेऊन जादा माणसं. असली बोट पाण्यावर जेमतेम दिसते, लाटांत रडारला लवकर सापडत नाही. आणि मुंबई काय, न्हावाशेवा काय, मोठी जहाजं एकाच चॅनेलमधून, म्हणजे खोल खोदलेल्या वाटेनं, आत येतात. तिथंच मधोमध एखादं जहाज बुडवलं तर तुमचा ट्रेलर रेल्वेनं न्या नाहीतर विमानानं. माणसांचं म्हणताय, तर 2008 ला निदान कसाब जिवंत सापडला. रिकाम्या बोटीतून कोण सापडणार?

शिरोली_फाउंड्री: बरं, हे पटलं. वॉर रिस्कचा सरचार्ज, म्हणजे युद्धाच्या धोक्यापोटीचा जादा आकार, माझ्याच बिलात लागलाय, न पटून सांगतो कुणाला. पण येणारी-जाणारी जहाजं थांबवून चॅनेलच्या तोंडाला जाळी लावणार आहात काय? ते भाच्याला विचारून सांगा.