ॲपॉस्ट्रॉफी हद्दपार करायची म्हणे!

मुद्रितशोधक:
'इंग्रजीतून ॲपॉस्ट्रॉफी काढून टाका, संदर्भावरून सगळं कळतं' ही पोस्ट वाचून राहवलं नाही. ॲपॉस्ट्रॉफी म्हणजे मालकी किंवा गाळलेली अक्षरं दाखवणारं, शब्दात वरच्या बाजूला लटकणारं छोटं चिन्ह. 'माय सिस्टर्स फ्रेंड्स बुक्स' यातली चिन्हं काढा आणि सांगा, बहिणी किती, मित्र किती? एसच्या आधी चिन्ह असेल तर बहीण एक, एसनंतर असेल तर अनेक. 'चिल्ड्रन', 'विमेन' मुळातच अनेकवचनी, म्हणून तिथे एसच्या आधीच. आणि 'इट्स' लिहिताना 'इट इज' किंवा 'इट हॅज' वाचून बघा. वाक्य बसलं तरच चिन्ह. इतकं अवघड आहे?

उलटतपासणी:
नियम काय आभाळातून पडला? १७८७ च्या अमेरिकी राज्यघटनेत, पहिल्या कलमाच्या दहाव्या भागात, मालकी दाखवणाऱ्या 'इट्स'ला चिन्ह आहे. नाटककार बर्नार्ड शॉ 'डोन्ट', 'वोन्ट' चिन्हाविना छापायचा. कुणाचं काय अडलं?

मुद्रितशोधक:
शॉचं अर्धंच सांगताय. 'आय विल', 'ही विल'च्या लघुरूपांत त्यानं चिन्ह ठेवलं होतं. नाहीतर लोकांनी 'इल' आणि 'हेल' वाचलं असतं.

टंकनपीडित:
शॉला सोडा हो, खरा छळ स्मार्ट कोट्सचा आहे, म्हणजे सरळ चिन्हं आपोआप वळणदार करणाऱ्या सोयीचा. १९९० चं दशक '१९' गाळून लिहायला जा. आकड्याआधीची ॲपॉस्ट्रॉफी वर्डला उघडणारं अवतरणचिन्ह वाटते आणि तो यू+२०१८ (युनिकोडमधला त्या चिन्हाचा क्रमांक) टाकतो. हवं असतं यू+२०१९, नऊच्या आकाराचं. आधी एखादं अक्षर टाइप करा, मग चिन्ह, मग ते अक्षर खोडा. छापील पोस्टरांवरही हे उलटं चिन्ह सर्रास दिसतं.

कोडकिडा:
तेच वळणदार चिन्ह कोडमध्ये चिकटवलं की बोंबला. तिथे सरळ, यू+००२७. आणि ओ'ब्रायन आडनाव एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला आज्ञा द्यायच्या भाषेत, थेट जोडलंत तर स्ट्रिंग (अवतरणांतला मजकूर) मध्येच बंद होते. पॅरामीटर वापरा, म्हणजे नाव आज्ञेपासून वेगळं पाठवा.

टंकनपीडित:
गद्याबद्दल बोलतोय आपण. डेटाबेस कुठून घुसवलात?

कोडकिडा:
स्मार्ट कोट्स कुणी घुसवले?

उलटतपासणी:
बरं, बहिणींपुरतं मान्य, खूश? आता 'जेम्स'ची मालकी कशी दाखवायची ते सांगा. एपी ही वृत्तसंस्थेची लेखनशैली नुसतं चिन्ह लावते, शिकागो ही दुसरी शैली चिन्हापुढे आणखी एक एस. लंडनमध्ये अर्ल्स कोर्ट स्टेशनला चिन्ह आहे, पिकॅडिली लाइनवर लगेच पुढच्या बॅरन्स कोर्टला नाही.

मुद्रितशोधक:
स्टेशनचं नाव पाटीवर असेल तसं लिहायचं. जेम्ससाठी एक शैली धरा आणि शेवटच्या पानापर्यंत तीच ठेवा. एका परिच्छेदात एपी, दुसऱ्यात शिकागो, हे चालणार नाही.

उलटतपासणी:
म्हणजे 'नियम' आपण निवडायचा. हेच तर म्हणत होतो, साहेब.